अप्पांची दाढी

“दाबू नकोस,” अप्पा म्हणाले. “रेझरला स्वतःचं वजन असतं, तेवढं पुरतं. तू फक्त दिशा दे.”

मी हात मागे घेतला. समोर माझे सासरे लाकडी खुर्चीवर मान मागे टाकून बसले होते. गालांवर साबणाचा पांढराशुभ्र फेस, उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी, डावा डोळा मिटलेला. जानेवारीतली सकाळ होती आणि मागच्या अंगणात, न्हाणीघराच्या भिंतीपाशी, ऊन नुकतंच येऊन पोचलं होतं. लग्न होऊन मला चौदा महिने झाले होते. एवढ्या दिवसांत नमस्काराला पायांना हात लागले असतील तेवढेच. आणि आता त्यांचा गाल माझ्या डाव्या हाताच्या बोटांखाली होता.

“कापलं म्हणजे, अप्पा?”

“तुरटी आहे की. चाळीस वर्षांत मी स्वतःला शंभरदा कापलंय. हं, कानाजवळून सुरू कर. खाली. आखूड आखूड ओढायचं.”

दोन दिवसांपूर्वी कोल्हापुरात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी दहा दिवस वाकायचं नाही, डोळ्यात साबणपाणी जाऊ द्यायचं नाही म्हणून बजावलं होतं. दाढी मात्र अप्पांना रोज लागायची. मोजणी खात्यात उभा जन्म गेला, पण माळावर तंबू ठोकून राहिले तेव्हाही दाढी चुकली नाही, असं ते सांगायचे. घरी न्हावी बोलवू का, म्हणून मी विचारलं, तर त्याचा हात जड आहे म्हणाले. मुलाचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं नाव मी काढायच्या आत त्यांनीच सांगून टाकलं, “सुकुमार रात्रपाळी करून येतो, झोपू दे त्याला. तू कर. मी सांगतो तसं करत जा.”

घरात आम्ही तिघंच. सासूबाई माझ्या लग्नाच्या सहा वर्षं आधी वारल्या होत्या. सुकुमार साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते आणि गळीत हंगाम चालू असल्याने पाळ्या सतत बदलत. गडहिंग्लजसारख्या गावात सुनेने सासऱ्याची दाढी करायची, हे शेजारणीने परसातून पाहिलं असतं तर गावाला आठवडाभर चघळायला पुरलं असतं. पण अप्पांच्या सांगण्यात काही वेगळं वाटावं असं नव्हतंच. चष्मा आणून दे, तसं ते बोलले होते.

मी जीव मुठीत धरून अर्धा गाल उतरवला. कापलं नाही.

“बघ,” अप्पा म्हणाले. “हाताला कळतं ते. माणूस उगाच घाबरतो.”

मी का घाबरत होते, ते मात्र त्यांना ठाऊक नाही, असं मी समजत होते. रेझर माझ्या हाताला नवा नव्हता.

सतरा वर्षांची असताना माझ्या हनुवटीवर पहिला राठ केस आला. मग गळ्यावर, जबड्याच्या कडेला. आई दर शुक्रवारी मला माजघरात उजेडाकडे तोंड करून बसवायची आणि दातात दोरा धरून ते उपटायची. “कुणाला बोलायचं नाही,” एवढंच म्हणायची. मला बघायला मंडळी यायची असली की आदल्या दिवशी दोरा, वर हळद. सुकुमार आणि अप्पा बघायला आले तेव्हाही तसंच झालं. आईने पाठवणीच्या वेळी सगळ्यांसारखं रडून घेतलं आणि मग कानात सांगितलं, “महिन्यातून एकदा ये.”

महिन्यातून एकदा पुरत नव्हतं. केस वाढले होते, आणि आता तर जास्तच राठ झाले होते. मग मी संकेश्वरला, जिथे आम्हाला कुणी ओळखत नव्हतं, एका दुकानातून प्लास्टिकचा स्वस्तातला रेझर घेतला. “मिस्टरांना हवाय,” असं न विचारताच सांगून मोकळी झाले. रोज पहाटे पावणेपाचला न्हाणीघराचं दार लावायचं, नळ मोठा सोडायचा आणि मिणमिणत्या बल्बखाली कोरड्याच कातडीवर खालून वर, घाईघाईत, दोन-चार मिनिटांत उरकायचं. साबण लावला तर वेळ जायचा. जोर दिला नाही तर केस राहायचे. रेझर बोथट झाला की बंबाच्या जाळात टाकून द्यायचा.

सहा महिन्यांत माझी हनुवटी आणि गळा पुळ्यांनी भरून गेला. एक बरी झाली की दुसरी. केस आतल्या आत वळायचे आणि गाठी व्हायच्या. मी मुलींच्या शाळेत रजेच्या जागी विज्ञान शिकवत होते. आठवीतल्या एका मुलीने सगळ्या वर्गासमोर विचारलं, “बाई, तुम्हाला काय चावलं?” मुली हसल्या. ती पोर हसली नव्हती, खरंच काळजीने विचारत होती, पण त्या दिवसापासून मी फळ्याकडे तोंड करून शिकवू लागले. जूनपासून शाळेत जायचं नाही, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

आणि सुकुमार. त्यांनी जवळ येऊन गालाला हात लावला की मी तोंड फिरवायची. कधी डोकं दुखतंय, कधी गॅसवर दूध आहे. सुरुवातीला ते हसून सोडून द्यायचे. पुढे हसणं थांबलं. दिवाळीनंतर आम्ही एकमेकांशी बोलायचो ते भाजी काय आणि पाळी कुठली, एवढंच.

अशा अवस्थेत मी अप्पांची दाढी करत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला रेझर हातात घेऊच दिला नाही.

“आधी पाणी,” म्हणाले. “काल तू नुसतं तोंड ओलं केलंस. तेवढ्याने भागत नाही. बंबातलं कढत पाणी घे, पंचा बुडव, पीळ, आणि धर गालावर. घाई नको. मनात शंभर मोज.”

“शंभर?”

“केस वाळलेला असतो तेव्हा तारेसारखा असतो. पाणी प्यायला की मऊ पडतो. मऊ पडला की ब्लेडला जोर लागत नाही. लोक साबणाला नावं ठेवतात, ब्लेडला नावं ठेवतात. चूक पाण्याची असते.”

मी पंचा धरून शंभर मोजले. मग त्यांनी ब्रश कसा भिजवायचा, पाणी किती झटकायचं, वाटीतल्या साबणावर किती वेळ फिरवायचा, हे सांगितलं. फेस दह्यासारखा दाट पाहिजे, बुडबुडे दिसता कामा नयेत. हे सगळं आपल्याला आयतं आलं नाही, असंही म्हणाले. तरुणपणी हेच उलटसुलट करून चेहरा सोलून घेतला होता. एकेक गोष्ट बदलत बदलत, एका वेळी एकच, असं करून दहा-बारा वर्षांनी नीट बसलं.

“एका वेळी एकच का?” मी विचारलं.

“दोन बदलल्या तर कशाने बरं वाटलं ते कळणार कसं? विज्ञान तू शिकवतेस की मी?”

मला हसू आलं. किती तरी दिवसांनी.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला कागद-पेन्सिल आणायला लावली. मोजणीवाल्यांच्या सवयीने झरझर एक चेहरा काढला, नाक-डोळ्यांशिवाय नुसती कड, आणि कागद माझ्या हातात दिला. “आता बोट फिरव. खाली जाताना गुळगुळीत लागतं की खरखरीत? जिकडे गुळगुळीत, तिकडे केसांची दिशा. तिथे बाण काढ.”

मी त्यांच्या गालावर बोट फिरवून बाण काढत गेले. गालावर सगळे बाण खाली गेले. गळ्याशी मात्र डावीकडचे आडवे आणि उजवीकडचे चक्क वर.

“सगळ्यांचे असे असतात?”

“प्रत्येकाचे निराळे. आणि गळ्याचे तर कुणाचेच सरळ नसतात. म्हणून तिथेच घोळ होतो. माणूस डोळे झाकून खालून वर ओढतो, केस कातडीच्या आत तुटतो, आतच वाढतो, गळू होतं. कातडी नाजूक असेल तर उलट जायचंच नाही. एकदाच, दिशेने. थोडं राहिलं तरी राहू द्यायचं. लांबून कुणाला दिसत नाही.”

त्या रात्री मला झोप लागेना. पहाटे उठले तेव्हा बंब अजून पेटवलेला नव्हता. मी गॅसवर तांब्याभर पाणी तापवून न्हाणीघरात नेलं, आपल्याच गळ्यावर बोट फिरवलं, आणि शंभर मोजले. सुकुमारांची साबणाची वाटी चोरून वापरली. एकदाच, दिशेने. दहा मिनिटं लागली. वर गार पाणी मारलं. त्या दिवशी पहिल्यांदा रक्त आलं नाही.

पुढचे पाच दिवस असेच गेले. सकाळी साडेसातला अप्पा शिकवायचे, दुसऱ्या दिवशी पहाटे मी ते स्वतःवर करून बघायची. कातडी ताणून धरायची ती किती, ब्लेड कितव्या दाढीनंतर टाकायचं, तुरटी फिरवली की आधी झोंबते, मग थंड वाटतं, आणि झोंबली तर समजायचं की दाब जास्त पडला. एखाद्या चोराला दुकानदाराने स्वतःच कुलपं दाखवावीत तशी माझी गत होती. सहाव्या-सातव्या दिवशी जुन्या पुळ्या सुकायला लागल्या. नवी एकही आली नव्हती. शाळेत मी एक अख्खा तास मुलींकडे बघून शिकवला.

आठव्या दिवशी सुकुमार पाळी संपवून आले आणि चहा पिता पिता म्हणाले, “अप्पा तुला फार त्रास देताहेत काय? मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, मी करतो म्हणून. झोपायच्या आधी दहा मिनिटांचं काम. नको म्हणाले. त्रिशलाच करेल म्हणाले.”

मी हातातली बशी खाली ठेवली.

“न्हाव्याने घरी येतो म्हणून निरोप पाठवला होता,” ते पुढे म्हणाले. “त्यालाही नको सांगितलं. एरवी दर महिन्याला त्याच्याकडूनच केस कापून घेतात आणि त्याच्या हाताची तारीफ करतात. काय डोक्यात आलंय कोण जाणे.”

मी मोरीकडे गेले आणि नळ सोडून तशीच उभी राहिले. एकेक वाक्य आठवायला लागलं. कातडी नाजूक असेल तर. घाई नको. थोडं राहिलं तरी राहू द्यायचं. अप्पांची कातडी नाजूक नव्हतीच, बेल्टच्या चामड्यासारखी होती. मग ते कुणाला सांगत होते?

त्यांना माहीत होतं. लाजेने माझे कान तापले. आईखेरीज जगात कुणाला माहीत नसलेली गोष्ट माझ्या सासऱ्याला माहीत होती. मी खोलीत जाऊन पेटीत दोन साड्या भरल्या. माहेरी जायचं आणि परत यायचंच नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसातला मी मागच्या अंगणात गेलेच नाही. अप्पांनी दोनदा हाक मारली. मग स्वतःच, भिंतीला हात लावत, स्वयंपाकघराच्या दाराशी आले.

“आज दाढी नाही?”

“तुमचा डावा डोळा चांगला आहे, अप्पा. आरसा धरला तर तुम्हालाच करता येईल.”

ते पाट ओढून दाराशीच बसले, आत आले नाहीत.

“सुकुमार काही बोलला वाटतं.”

मी कणीक मळत होते. मान वर केली नाही. “तुम्हाला कसं कळलं?”

“बंबाची राख मी काढतो रोज,” ते म्हणाले. “त्यात वितळलेलं प्लास्टिक सापडायचं. आत पातं. पहिल्यांदा वाटलं, कचऱ्यातून आलं असेल. दोन महिन्यांत पाच सापडले. घरात असले रेझर मी वापरत नाही, सुकुमार वापरत नाही. आणि तुझा गळा तर दिसतच होता.”

“तुम्हाला किळस नाही आली?”

“कशाची? केसांची?” त्यांना खरंच प्रश्न कळला नसावा असे ते बघत राहिले. “केस सगळ्यांना येतात. कुणाला इथे, कुणाला तिथे. काढायचे असतील तर नीट काढावेत, नसतील तर ठेवावेत. मला किळस आली नाही. मला भीती वाटली.”

मी वर बघितलं.

“तुझ्या सासूबाईंना छातीत गाठ आली होती,” अप्पा म्हणाले. “तिने ती वर्षभर कुणाला सांगितली नाही. मलाही नाही. न्हाणीघराचं दार लावून घ्यायची, बराच वेळ बाहेर यायची नाही, आणि आली की म्हणायची, पाणी तापलं नव्हतं. मी म्हणायचो, असेल. लोकांच्या बांधांवरून मी वीतभर जमिनीचे वाद सोडवत हिंडत होतो आणि घरात मला हे कळलं नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, इतका उशीर का केलात? ती काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, लाज वाटली.”

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. अप्पांनी पट्टीखालून गालावर आलेलं पाणी पंच्याने टिपलं. ऑपरेशनच्या डोळ्याचं होतं की कसलं, मी विचारलं नाही.

“तुझं दार पहाटे लागलं की मला झोप लागायची नाही. विचारायचं ठरवलं. पण सासऱ्याने सुनेला विचारायचं कसं? तीन आठवडे शब्द जुळवत होतो, जुळेनात. मग हे ऑपरेशन आलं, तेव्हा म्हटलं, सरळ सांगता येत नसेल तर शिकवता तरी येईल.”

मला रडू येत होतं, पण हात कणकेने भरलेले होते.

“आणि हे एवढे का येतात तेही बघून घ्यायचं,” अप्पा उठता उठता म्हणाले. “कोल्हापुरात चांगली डॉक्टरीण आहे. आतलं काही कमी-जास्त असेल तर औषध असतं. तिथे मात्र आता उशीर नको.”

“यांना सांगितलंत?”

“नाही. ते माझं काम नाही.” ते दारात थांबले. “पण सांग त्याला. तो पोरगाही काहीतरी मनात धरून बसलाय. काय ते त्यालाच विचार.”

मी हात धुतले, पाणी तापवायला ठेवलं आणि अप्पांची दाढी केली. पेटीतल्या साड्या दुपारी परत कपाटात गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी पहाटे उठलेच नाही. सात वाजता उठले, अंगणातल्या खिळ्याला आरसा अडकवला आणि सुकुमारांच्या येण्याच्या सुमाराला, भर उन्हात, हनुवटीला आणि गळ्याला फेस लावून उभी राहिले. त्याआधी दोनदा ब्रश खाली ठेवला आणि पुन्हा उचलला होता.

सव्वाआठला ते मागच्या दाराने आले. खांद्याला डब्याची पिशवी. मला बघून जागच्या जागी थांबले.

“काय करतेस?”

“दाढी,” मी म्हणाले.

हा शब्द मी स्वतःसाठी आयुष्यात प्रथमच उच्चारला होता. रेझर आधीच गळ्याशी टेकलेला होता, म्हणून मी तो हलकेच खाली आणला, मग दुसऱ्या बाजूनेही. तोंड धुतलं. आणि पंच्याने टिपता टिपता सगळं सांगून टाकलं. सतराव्या वर्षापासूनचं. आईचा दोरा, संकेश्वरचं दुकान, बंबातले रेझर. मी तोंड का फिरवत होते, तेही.

सुकुमार न्हाणीघराच्या पायरीवर बसले. बराच वेळ डब्याच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले.

“म्हणजे माझ्या वासामुळे नव्हे?”

“कसला वास?”

“मळीचा. कारखान्यातला. कितीही अंघोळ केली तरी जात नाही, असं सगळेच म्हणतात. तू तोंड फिरवायला लागलीस तेव्हा मला वाटलं, हिला माझा वास सहन होत नाही. मी चंदनाचा साबण आणला, दोनदा अंघोळ करायला लागलो. तरी तू तशीच. मग वाटलं, आपली दाढी टोचत असेल. म्हणून कामावर जायच्या आधीही एकदा करतो हल्ली. पोरं हसतात मला कारखान्यात. म्हणतात, चौगुले, रात्री बाराच्या पाळीला एवढं गुळगुळीत होऊन कुणाला भेटायला येता?”

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. नीट, जवळून, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. त्यांच्या जबड्याखाली, दिवसातून दोनदा सोलून निघालेल्या कातडीवर, माझ्यासारख्याच लाल पुळ्या होत्या.

मला हसू फुटलं आणि ते कधी रडण्यात बदललं ते मलाही कळलं नाही. आतून अप्पा मोठ्याने खाकरले, पायात चपला सरकवल्याचा आवाज आला, आणि डॉक्टरांनी घराबाहेर पडू नका सांगितलेलं असताना ते भाजीची पिशवी घेऊन पुढच्या दाराने निघून गेले.

सुकुमार उठले. माझ्यासमोर येऊन उभे राहिले. हात पुढे केला, मध्येच थांबवला.

“बघू?” त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. त्यांचं बोट माझ्या हनुवटीवरून अगदी हळू, एखाद्या नव्या माणसाला हात लावावा तसं फिरलं, जबड्याच्या कडेने कानापर्यंत गेलं आणि परत आलं. प्रयोगशाळेत परीक्षानळी उजेडात धरून बघतात तसे त्यांनी डोळे बारीक केले.

“इथं थोडं राहिलंय,” ते म्हणाले.

“कुठं?” मी विचारलं, आणि मान वर केली.